पट्टा ठळक, पण प्रथिन गाळात

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका मानवी प्रथिनाचं जनुक ई. कोलाय या जीवाणूत (बीएल२१ डीई३ हा वाण) घातलं. आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) दिल्यावर प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर ठळक पट्टा येतो. पण पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं की प्रथिन सगळं गाळात. काय चुकतंय?

उत्तर : आधी पेशी खरंच फुटल्या का ते पाहा. जेलवर वरच्या द्रवाच्या लेनमध्ये (रांगेत) जीवाणूची स्वतःची प्रथिनंही फिकट असतील, तर सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणं) कमी पडलंय. ती भरपूर असतील, तर तुमच्या प्रथिनाची घडी (त्याचा नेमका त्रिमितीय आकार) बिघडतेय.

३७ अंश आणि १ मिलिमोलर आयपीटीजी असेल, तर प्रथिनाच्या साखळ्या इतक्या भराभर तयार होतात की घडी पडण्याआधीच त्यांचे पाणी टाळणारे भाग एकमेकांना चिकटतात. म्हणून ३७ अंशांवर ओडी (माध्यमाचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.६ होईपर्यंत वाढवा, फ्लास्क बर्फात गार करा, मगच ०.१ ते ०.२ मिलिमोलर आयपीटीजी घाला आणि १८ अंशांवर रात्रभर हलवत ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे. आयपीटीजी आधी घालून फ्लास्क नंतर थंड इनक्युबेटरमध्ये ठेवला, तर माध्यम गार होईपर्यंतच गुठळ्या झालेल्या असतात.

प्रथिनात डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधले दुवे) असतील, तर नुसत्या थंडीने भागणार नाही. ई. कोलायच्या पेशीद्रवात ते बंध टिकत नाहीत. अशा वेळी ट्रक्सबी आणि गोर ही (पेशीद्रवात हे बंध टिकू न देणारी) जनुकं निकामी केलेला वाण घ्या, किंवा पेल-बी संकेत (प्रथिनाला वाट दाखवणारा छोटा तुकडा) जोडून प्रथिन पेरिप्लाझममध्ये (पेशीच्या दोन पटलांमधल्या जागेत) पाठवा.

तरीही गाळच आला, तर तो टाकू नका. त्यात तुमचं प्रथिन बऱ्यापैकी शुद्ध असतं. गाळ धुऊन ८ मोलर युरिया आणि डीटीटीमध्ये (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) विरघळवा. मग ४ अंशांवर आर्जिनिन आणि ग्लुटाथायोन (रिड्यूस्ड व ऑक्सिडाइज्ड दोन्ही) असलेल्या बफरमध्ये थेंबथेंब सोडा, म्हणजे घडी नव्याने पडू शकते. युरिया ताजाच घ्या आणि तापवू नका. त्यातून सायनेट तयार होऊन प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं.

प्रश्न : इन्शुलिनसारखी सगळीच औषधी प्रथिनं जीवाणूंकडून का करून घेत नाहीत?

उत्तर : इन्शुलिन ५१ अमिनो आम्लांचं आहे आणि त्यावर शर्करेच्या साखळ्या नसतात, म्हणून ते जमतं. १९७८ मध्ये ते ई. कोलायमधून मिळालं, १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. एरिथ्रोपोएटिनवर (तांबड्या रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक) मात्र शर्करा लागते. ती नसेल तर ते रक्तातून झटकन बाहेर पडतं. ई. कोलायला ती जोडता येत नाही, म्हणून ते चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशींत तयार करतात.