खाडीच्या तळातल्या गाळात पारा, शिसं असे जड धातू साचले असतील तर सगळा गाळ उपसून काढला की झालं का?

नाही होत, आणि घाईत उपसला तर बऱ्याचदा आणखी बिघडतं. मी पाणी आणि गाळ तपासायच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पारा, शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत, ती कुजून संपत नाहीत. त्यामुळे एकतर ती तिथून हलवायची नाहीतर तिथेच जखडून ठेवायची. खाडीतला तो काळा, वास मारणारा चिखल असतो ना, त्यात ऑक्सिजन नसतो, सल्फाइड (गंधकाचं संयुग) भरपूर असतं आणि बरेच धातू त्या सल्फाइडला धरून पडून राहतात, तो ढवळला की ऑक्सिजन लागतो आणि धातू सुटून परत पाण्यात येतात. पाऱ्याचं अजून वाईट, कारण अशाच गाळातले जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात आणि ते लहान माशातून मोठ्या माशात वाढत जातं.

जपानमधलं मिनामाता बघा. तिथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी उपसागरात जात होतं, तिथले मासे खाऊन लोकांना पाऱ्याची विषबाधा झाली, त्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची, पण पारा वापरणारं ते उत्पादन बंद व्हायला १९६८ उजाडलं, म्हणजे मधली १२ वर्षं लोक तेच मासे खात होते, हे वाचताना मला आजही चीड येते. गाळाचं काम १९७७ मध्ये सुरू झालं आणि लगेच स्थानिक लोक कोर्टात गेले की ढवळलं तर पारा पसरेल, त्यामुळे १९८० पर्यंत काम थांबलं. माझ्या मते त्यांची भीती अगदी रास्त होती. शेवटी २५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत २५ भाग) जास्त पारा असलेला साधारण १५ लाख घनमीटर गाळ हाताळला, पण सगळा उपसला नाही. सगळ्यात खराब भागाला बांध घालून तिथला गाळ जागीच ठेवला, बाकीचा कमीत कमी ढवळेल अशा पद्धतीने पंपाने ओढून त्याच्यावर टाकला, वर चादर आणि चांगली माती. १९९० ला काम संपलं, ५८ हेक्टर जमीन तयार झाली, खर्च ४८०० कोटी येनच्या आसपास. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ ला निघाली. पारा अजून त्या जमिनीखालीच आहे, म्हणून तो बांध कायम सांभाळावा लागणार.

कमी खराब जागी वाळूचा जाड थर टाकतात किंवा गाळात ॲक्टिव्हेटेड कार्बन (खास प्रक्रिया केलेला कोळसा) मिसळतात, तो पारा धरून ठेवतो. पण जिथे बोटींचे नांगर पडतात किंवा पावसाळ्यात पुराचा जोर असतो तिथे थर टिकेलच असं नाही. आपल्या उल्हास आणि ठाणे खाडीच्या गाळातही पारा सापडलेला आहे, तिथे हा विचार आधी करावा लागेल.

तुमच्याकडे कुणी ड्रेजिंगचा (गाळ उपसायचा) प्लॅन घेऊन आलं तर आधी विचारा की वरून येणारं सांडपाणी बंद झालंय का, गाळाचे खोलवरचे नमुने थराथराने तपासलेत का, आणि काढलेला गाळ नेमका कुठे नेऊन टाकणार.