रुमाल टाकून जागा धरणारी गोळी

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, घरात सासूबाई, मी, मिस्टर आणि दोन पोरं, एक ९ वर्षांचा, धाकटी दीड वर्षांची. टीव्हीवर युद्धाचं काही लागलं की फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, अणुभट्टीचं काही झालं तर आयोडीनच्या गोळ्या घ्या, नसतील तर मीठ जास्त खा नाहीतर गळ्याला आयोडीनचं औषध लावा. जाऊबाईंनी पाच किलो मीठ भरून ठेवलंय. सासूबाई म्हणतात मी तर रोज थायरॉईडची गोळी घेते, मला काय होतंय. खरं काय?

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं. त्यांची सकाळची गोळी म्हणजे थायरॉक्सिन, ते हार्मोन आहे, किरणोत्सर्गी आयोडीन अडवायच्या कामाचं नाही. मेसेजमधली गोळी वेगळी, पोटॅशियम आयोडाइड. नावात थायरॉईड आलं की दोन्ही एकच वाटतात, माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट हीच गल्लत करतात.

या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीचं काम कसं, तर आपल्या एसटी स्टँडवर पंढरपूरच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं. थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतंच, पण चांगलं कुठलं आणि भट्टीतून सुटलेलं आयोडीन-१३१ कुठलं हे तिला ओळखता येत नाही, जे आधी येईल ते ती ओढून घेते. गोळीने सगळ्या सीटा आधीच भरल्या की किरणोत्सर्गी पाहुण्याला जागाच मिळत नाही, तो लघवीवाटे निघून जातो. म्हणून वेळेला फार महत्त्व. किरणोत्सर्गी आयोडीनशी संपर्क येण्याच्या आधीच्या २४ तासांत किंवा नंतर २ तासांच्या आत घेतली तर उत्तम, ८ तासांपर्यंत थोडाफार उपयोग, पण २४ तास उलटल्यावर घेतली तर उलट नुकसान होऊ शकतं, कारण आत बसलेला उतरायच्या ऐवजी तिथंच अडकून राहतो.

आता मीठ. मोठ्या माणसाचा डोस १३० मिलिग्रॅम, त्यात साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हातात येताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे तेवढ्यासाठी साडेसहा किलोच्या वर मीठ एका दमात खावं लागेल. जाऊबाईंचे पाच किलो त्यालाही पुरणार नाहीत, आणि त्याच्या कितीतरी आधी माणूस मिठानेच जाईल. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमाचा अपघात झाला तेव्हा चीनमध्ये लोकांनी दुकानातलं मीठ असंच उचललं होतं, त्यामुळे जाऊबाईंना फार हसू नका. गळ्याला औषध लावून भरवशाचं संरक्षण मिळत नाही, आणि जखमेवर लावायचं आयोडीन कुणी पोटात घेतलं तर ते विषारी आहे, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

खरी गरज पोरांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना. ३ ते १२ वर्षांना ६५ मिलिग्रॅम, महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत ३२, नवजात बाळाला १६, तेही प्रशासनाने घ्या म्हटल्यावरच, आणि बहुतेक वेळा एकदाच. सासूबाईंच्या वयात फायदा कमी, शिवाय गळ्यात जुनी गाठ असेल तर एवढं आयोडीन एकदम गेल्यावर हृदयाची धडधड वाढून वेगळीच पंचाईत होते.

प्रश्न : माझ्या दहा म्हशी आहेत, उत्तर सोलापुरात. चेर्नोबिलमध्ये दुधामुळे पोरांना कॅन्सर झाला म्हणतात. दूध उकळलं तर चालेल का?

उत्तर : नाही, उकळून आयोडीन जात नाही. एप्रिल १९८६ मध्ये युक्रेनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते खाल्लं, दुधातून पोरांच्या पोटात गेलं, आणि पुढच्या वर्षांत बेलारूस, युक्रेन, रशियात तेव्हा लहान असलेल्यांमध्ये थायरॉईडचे हजारो कॅन्सर सापडले. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांतच सुमारे १ कोटी मुलांना आयोडीन पाजलं आणि ताज्या दुधावरही बंधनं घातली. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे अशा वेळी पहिले काही आठवडे सांभाळायचे. तुमच्याकडे आधीचा रचून झाकलेला कडबा असतोच, तोच द्यायचा, जनावर गोठ्यात, उघड्यावरचा हिरवा चारा बंद आणि विहिरीवर झाकण.

प्रश्न : वय ५५. सोलापुरात राहून गोळ्या घरात ठेवू का?

उत्तर : कारवारजवळची कैगा भट्टी आपल्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या वर आहे, पालघरकडची तारापूर तर आणखी लांब. तातडीचं नियोजन भट्टीच्या आसपासच्या गावांसाठी असतं. ही गोळी फक्त थायरॉईड वाचवते, सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थांवर किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांवर तिचा काही उपयोग नाही. तशी वेळ आलीच तर पक्क्या घरात दारं-खिडक्या लावून बसायचं आणि रेडिओवर काय सांगतात ते ऐकायचं, गोळ्यांचे पैसे राहू द्या.