कोल्हापूरकडे उसाच्या खोडव्यातलं (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसातलं) पाचट, म्हणजे वाळलेली पानं, न जाळता ट्रायकोडर्मानं कुजतं का?

हो, कुजतं, पण सरीत ओल टिकली आणि नत्र मिळालं तरच. ट्रायकोडर्मा बुरशी सेल्युलेज विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते. ती पाचटातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडून साखर करतात आणि बुरशी त्यावर वाढते. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. म्हणून नेहमीची शिफारस टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं संवर्धक अशी आहे. युरिया वगळलात तर बुरशी जमिनीतलंच नत्र ओढते आणि खोडवा पिवळा पडतो. पानाची मधली कडक शीर मात्र उशिरा कुजते, कारण तिच्यातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) ट्रायकोडर्माला फारसं फुटत नाही. ते काम धिंगरी अळिंबीसारख्या बुरशा लॅकेज नावाच्या विकरानं करतात. तेवढ्या शिरा दिसल्या म्हणून कृपा करून काडी लावू नका.