जपानी पुस्तकात एक आणि लोकांच्या तोंडी दुसरंच, असं का?

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी पास झालात, वर्गातलं सगळं कळतं, पण जपानी माणसं आपसात बोलायला लागली की डोक्यावरून जातं. मग आम्हाला लेखी भाषाच शिकवतात का, असं तुम्ही विचारलंय.

नाही हो. वर्गातलं 'देस-मास' (वाक्याच्या शेवटी येणारी आदराची रूपं) बोलण्यातलंच आहे, फक्त बेताची ओळख असलेल्या माणसाशी बोलण्यातलं. वर्तमानपत्राच्या बातमीत त्यांच्या जागी 'दा' नाहीतर 'दे आरु' असतं. तीच बातमी एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीचा निवेदक मात्र 'मास' लावून सांगतो, कारण तो कोणाला तरी सांगत असतो.

मी भाषांतरं करते, त्यातलं रोजचं वाक्य घ्या: उद्याची मीटिंग पुढे ढकलली. मेलमध्ये येतं, 'आशिता नो काइगि वा एन्कि नि नारिमाशिता'. शेजारच्या टेबलावरून ऐकू येतं, 'आशिता नो काइगि, एन्कि नि नात्चात्ता'. आणि अहवालात 'एन्कि तो नात्ता'. बोलताना विषय दाखवणारा 'वा' गळला, लिहिताना 'नि'चा 'तो' झाला. 'नात्चात्ता' म्हणजे 'नात्ते शिमात्ता'चा चुरा, पण त्यात 'झालं बाई, आता काय करणार' असा सूर आहे. आपण 'विसरले'च्या जागी 'विसरून बसले' म्हणतो ना, तसा.

लेखी मजकुरात 'ओकिते' (उठून), 'आरात्ते' (धुऊन) यांतला 'ते' जाऊन नुसतं 'ओकि', 'आराइ' म्हणत वाक्य पुढे सरकतं. नवी असताना मी गप्पांमध्ये हे केलं होतं. 'बातम्या वाचतेयस का?' म्हणून सगळे हसले.

वाक्याचा क्रमही बिघडतो. पुस्तकात 'कोरे वा ओइशिइ देस', तोंडी 'ओइशिइ ने, कोरे'. 'मस्त आहे ना, हे' असं आपणही म्हणतोच की! आणि 'केदो' म्हणजे 'पण' म्हणून कोणी थांबलं, तर पुढच्या वाक्याची वाट बघू नका. बऱ्याचदा ते नसतंच.

तरी आपण सुखी. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कायदे आणि सरकारी कागद 'बुंगो'त, म्हणजे जुन्या व्याकरणात असत. १५ ऑगस्ट १९४५ ला सम्राटाने रेडिओवरून शरणागती सांगितली, तीही अशाच भाषेत, आणि ऐकणाऱ्या अनेकांना नेमकं काय झालं ते कळेना. १९४६ ची राज्यघटना मात्र बोलीच्या व्याकरणात आली.

जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे हे आपलं आपण शिकावं लागतं. मालिकांना सबटायटल जपानीच लावा. आधी तीनच तुकडे कानाने पकडा: 'तेरु' (ते इरु, म्हणजे 'करतोय'मधलं 'तोय'), 'चाऊ' (ते शिमाऊ, वरच्या 'नात्चात्ता'तलंच) आणि 'नाक्या' (नाकेरेबा नारानाइ, म्हणजे 'करायलाच हवं'). शेवटचं घाईत पूर्ण म्हणून बघा, ते का तोडतात ते लगेच कळेल.