जॅग्वारच्या जुन्या ४.२ सहा सिलिंडर इंजिनाचे ट्यून-अपचे आकडे कोणी देईल का? प्लग गॅप, पॉइंट गॅप, टायमिंग?

देतो, पण आधी एक विचारतो. तुमच्या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर कुठला?

रेडिएटरकडचा म्हणालात ना? आमचा दादाही तेच म्हणाला होता. हे इंजिन जॅग्वारच्या एक्सके मालिकेतलं, आणि एक्सके इंजिनात नंबर मागून, फ्लायव्हीलकडून सुरू होतात. दुरुस्तीच्या पुस्तकात ते एका ओळीत लिहिलेलं आहे आणि ती ओळ कोणी वाचत नाही.

प्लगच्या वायरी बदलायच्या म्हणून दादाने सहाच्या सहा एकदम उपटल्या. मी म्हटलं, एकेक काढ. "मला शिकवू नकोस." मग पुस्तकातल्या चित्रात डिस्ट्रिब्युटरवर जिथे एक नंबर दाखवलाय, तिथली वायर त्याने सगळ्यात पुढच्या प्लगला लावली आणि पुढे ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ अगदी बिनचूक. स्टार्टर मारला तर कार्बोरेटरमधून भडका! झालं, दोष कार्बोरेटरचा. दोन रविवार आम्ही एसयू कार्बोरेटर उघडून बसलो होतो. सुया काढल्या, जेट धुतले, फ्लोट हलवून पाहिले. त्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

गंमत अशी की हा क्रम उलटीकडून मोजला तरी तोच येतो. एकाचा सहा करा, दोनाचा पाच, तिनाचा चार, आणि फिरवून पाहा, पुन्हा १-५-३-६-२-४च. म्हणजे क्रम बरोबर, पण प्रत्येक ठिणगी क्रँकचा एक पूर्ण फेरा चुकलेली. कॉम्प्रेशनला पडायची ती इनटेक व्हॉल्व्ह उघडत असताना पडते, मग भडका कार्बोरेटरमधूनच येणार. शेवटी मी १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ या वायरींची अदलाबदल केली. पहिल्या स्टार्टरला इंजिन पेटलं.

आता आकडे. प्लग गॅप २५ थाऊ, म्हणजे इंचाचे २५ हजारांश (०.६४ मिमी). पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडमीट करणारे संपर्क, १४ ते १६ थाऊ (०.३६ ते ०.४१ मिमी). पॉइंट आधी, टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) नंतर, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. "गॅप जास्त ठेवला की करंट जोरात" हा दादाचा दुसरा सिद्धांत. उलट पॉइंट कमी वेळ मिटलेले राहतात, कॉइल पुरती भरत नाही आणि वरच्या आरपीएमला गाडी मिसिंग मारते. टायमिंगचा आकडा कॉम्प्रेशन रेशोवर ठरतो. इंजिन नंबरच्या शेवटी /८ किंवा /९ कोरलेलं असेल, ते बघा आणि त्याच रेशोचा आकडा पुस्तकातून घ्या. इथे कोणी सरसकट एकच अंश सांगितला तर ऐकू नका. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) तुम्ही विचारला नाहीत, पण थंड इंजिनाला इनलेट ४, एक्झॉस्ट ६ थाऊ. तो बदलायला शिम (पातळ चकती), आणि शिमसाठी कॅमशाफ्ट बाहेर. नुसता मोजून पाहा, हौस म्हणून उघडू नका. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून खूश होणारेही भेटतील. एक्झॉस्टचा क्लिअरन्स संपला की व्हॉल्व्ह नीट टेकत नाही आणि जळतो, तोही अगदी शांतपणे.

हो, राहिलंच. हे व्हॉल्व्हचे आकडे साठच्या दशकातल्या ४.२ चे. नंतरच्या काही इंजिनांना १२ ते १४ थाऊ लागतो, त्यामुळे साल तपासा. आणि आधीच्या मालकाने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर पॉइंटचा परिच्छेद सोडून द्या.

दादा अजून म्हणतो, पुढून मोजलं तरी गाडी चालू झाली असती. झाली असती, टॉपही (कॉम्प्रेशनला पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) पुढच्याच सिलिंडरचा धरला असता तर. त्याने टॉप पुस्तकाचा घेतला आणि नंबर स्वतःचे.