अजपा : जे जपायचंच नाही, ते जपायचं कसं?

दारव्ह्याकडच्या एका पोराचा प्रश्न आला आहे. "काकाजी, आमच्या इठ्ठलाच्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ होते. त्याच्यात 'अजपा जपणें उलट प्राणाचा' असं येते. अजपा म्हणजे जप नाही ना? मंग जे जपाचंच नाही ते जपाचं कसं? बुवाले इचारलं तर म्हणे, तू म्हण ना बाप्पा, अर्थ मागून येते."

बुवांचं चुकलं नाही, पण पोराची शंकाही रास्त आहे. 'अजाण', 'अबोल' ऐकत वाढलेल्या कानाला 'अजपा'तला 'अ' नकारच वाटणार.

गंमत अशी की 'अजपा' हे मुळात विशेषण, आणि तेही स्त्रीलिंगी. ते ज्या नामाला चिकटलं होतं ते नाम मराठीत येता येता गळून पडलं. ते नाम म्हणजे गायत्री. गोरक्षनाथांच्या नावावरच्या योगग्रंथांत 'अजपा नाम गायत्री' असा सरळ उल्लेख आहे. अजपा गायत्री म्हणजे जपावी न लागणारी, आपली आपण चाललेली गायत्री. इथला नकार जपाला नाही, जपणाऱ्याच्या खटाटोपाला आहे. 'अनाहत नाद' हा शब्द याच घडणीचा. त्यात नाद आहे, आघात तेवढा नाही. धुऱ्यावरचा तरोटा कोणी पेरत नाही, म्हणून तो उगवत नाही असं थोडंच आहे?

ही गायत्री म्हणजे आपला श्वास. त्याच गोरक्षग्रंथांत आहे, 'हकारेण बहिर्याति सकारेण विशेत्पुनः': श्वास 'ह' म्हणत बाहेर जातो, 'स' म्हणत आत येतो, आणि जीव 'हंस हंस' असा मंत्र सदा जपत राहतो. तोच आत घेण्यापासून मोजला की 'सोऽहम्'. एका अहोरात्रात हा जप 21,600 वेळा होतो, असं तंत्रग्रंथ आणि योगग्रंथ दोन्ही सांगतात. आकडा हवेतून आलेला नाही, जुन्या कालमापनात तो बसवलेला आहे. सहा श्वासांचं एक पळ, साठ पळांची घटिका, साठ घटिकांचा दिवस. गुणाकार करून पाहा. आजच्या घड्याळानं मिनिटाला 15 श्वास पडतात, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचे पडतात तेवढेच. सकाळच्या अजपा-संकल्पात, म्हणजे हा जप देवांना अर्पण करताना, हीच संख्या देवांना वाटून देतात: गणेशाला 600, ब्रह्मा, विष्णू, रुद्र यांना प्रत्येकी 6,000, आणि जीवात्मा, परमात्मा, गुरू यांना हजार हजार. हिशेब चोख!

आत कोणतं अक्षर आणि बाहेर कोणतं, यावर मात्र एकमत नाही. काश्मिरी शैवांच्या विज्ञानभैरवातल्या श्लोकाचा पाठ नेमका उलटा आहे; तिथं सकारानं बाहेर आणि हकारानं आत. कोण बरोबर हे मी ठरवणार नाही, पण माझा कौल गोरक्षाकडे. ठेचा झोंबला की आपण 'स्स्स' करून वारा आत ओढतो, आणि डोक्यावरचा भारा खाली टाकला की 'हाऽऽ' करून बाहेर सोडतो. शास्त्रार्थ म्हणून हे टिकायचं नाही. घरी करून पाहायला हरकत नाही.

काश्मीर आणि दारव्हा यांचा संबंध काय, असं वाटेल. इसवी सन 1000च्या आसपास काश्मिरात अभिनवगुप्त या शैव आचार्यानं तंत्रालोक हा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभीच त्यानं मच्छंदविभूला, म्हणजे मत्स्येंद्राला वंदन केलं आहे. तोच मत्स्येंद्र आपल्याकडच्या परंपरेत गोरक्षाचा गुरू. पुढं गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव. तेव्हा हरिपाठाच्या तेविसाव्या अभंगात हा शब्द आला तो उसना म्हणून नाही, घरचा म्हणून आला.

आता 'उलट'. इथं त्याचा अर्थ 'विरुद्ध' असा नाही, 'उलटणं, माघारी वळणं' असा आहे. खाली धावणारा प्राण वर चढवणं, असा अर्थ कीर्तनकार सांगतात. नाथपंथी अंगानं तो बसतोच. मला मात्र विज्ञानभैरवातली 112 धारणांपैकी, म्हणजे ध्यानाच्या रीतींपैकी, पहिली आठवते. श्वास जिथं वळतो त्या दोन जागांवर ध्यान ठेवा, असं ती सांगते: एक आत हृदयात, दुसरी नाकाबाहेर बारा बोटांवर, जिला द्वादशान्त म्हणतात. डवरणी, म्हणजे पिकाच्या तासांतून बैलांचा डवरा, केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. तासात बैल आपसूक चालतात. खरं काम धुऱ्यावर, वळताना असतं. तिथं नजर हलली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुडवलीच म्हणून समजा.

म्हणूनच पुढचा चरण आहे, 'तेथेंहि मनाचा निर्धार असे'. श्वास आपोआप चालतो; त्याच्याकडे लक्ष मात्र आपोआप राहत नाही. अजपालाही निर्धार लागतोच, त्यापेक्षा नाम सोपं, असा त्या अभंगाचा रोख आहे. आधीच्याच चरणात 'येथें काहीं कष्ट न लगती' म्हटलं आहे, ते नामाबद्दल. नुसता 'अजपा' शब्द उचलून हरिपाठ योगसाधना शिकवतो असं सांगणारे हा रोख विसरतात.

आणखी एक. मराठीत 'जपणे'चे दोन अर्थ आहेत, नाम जपणे आणि सांभाळणे. आपल्याकडे गाडी जुंपली की घरातून हाक येतेच, 'जपून जाजो रे!' श्वासाकडे ध्यान ठेवणं हे या दुसऱ्या अर्थानं जपणंच झालं, आणि 'अजपा जपणें' म्हणताना मला तो अर्थही ऐकू येतो. पण ती मराठीची करामत. संस्कृत 'जप्' धातूला सांभाळण्याशी देणंघेणं नाही. व्युत्पत्ती म्हणून कोणाला सांगू नकोस, गाडी अडेल.

राहिला वापर. 'मी रोज अर्धा तास अजपाजप करतो' हे आता सर्रास ऐकू येतं. मी ते खोडणार नाही, पण अजपा 'चालतो' किंवा 'होतो' हे जास्त बरोबर. लिहिताना 'अजपाजप' हा समास जोडून लिहावा. 'अजपा जपणें'त 'जपणें' हे क्रियापद, म्हणून तिथं सुटं. तुमच्या देवळातल्या पुस्तिकेत 'आजपा' छापलं असेल तर पेनानं काना खोडून टाक, बुवांना विचारून.