ट्रॅक्टरमध्ये आधी काय बदलावं?

तुम्ही विचारलंय की साध्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरची रचना आधुनिक करायची तर बॅटरी, जीपीएस की आपोआप वळणारं स्टिअरिंग, सुरुवात कुठून व्हावी? माझ्या मते यांपैकी कशापासूनच नाही. आधी चालवणाऱ्याचा जीव आणि पाठ.

ट्रॅक्टरमध्ये जुनं ते सगळं टाकाऊ नसतं. हॅरी फर्ग्युसनचं थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे मागे अवजार तीन ठिकाणी जोडून उचलायची सोय, १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर आलं आणि आजही तेच चालतं. नांगराला ओढ वाढली की लिफ्ट त्याला किंचित उचलते, भार मागच्या चाकांवर येतो. त्याला हात लावू नये.

पण ट्रॅक्टर पालथा झाला तर ड्रायव्हरला वाचवणारी लोखंडी कमान स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर १९५९ मध्येच सक्तीची केली. आपल्या शिवारात मात्र बिनकमानीचे ट्रॅक्टर सर्रास दिसतात. द्राक्षबागेत ती मांडवाच्या तारांना अडकते, ही तक्रार खरीच आहे. त्यासाठी दुमडणारी कमान हवी. बागेबाहेर आलं की ती उभी करायची आणि सीटबेल्ट लावायचा. बेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडू शकतो.

दुसरी गोष्ट उसाच्या ट्रॉलीची, आणि ही मला सगळ्यात जास्त खुपते. उतारावर भरलेल्या दोन ट्रॉल्या मागून रेटतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात, म्हणजे तो सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी थोपवायचा. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की ट्रॉलीचेही लागावेत, अशी जोडणी कंपनीकडूनच बसवून यायला हवी.

बॅटरीचं गणित साधं आहे. लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली ३० टक्के कामी लावतं असं धरलं, तरी ६० लिटरची टाकी १८० युनिटांचं काम देते. एवढी बॅटरी परवडणार कुणाला? दिवसभराच्या नांगरटीला आज डिझेलच. बागेतल्या हलक्या कामाला, घराजवळच्या फेऱ्यांना छोटा विजेचा ट्रॅक्टर छान जमेल, पण शेतीची थ्री फेज लाईट ठरावीक तासच असते, तेव्हा चार्जिंगची सोय आधी बघा.

नवा घेणार असाल तर त्या मॉडेलचा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेतला (तिथे सरकार ट्रॅक्टर तपासतं) चाचणी अहवाल मागून घ्या. त्यात ब्रेक, आवाज आणि पाठीला त्रास देणाऱ्या हादऱ्यांचे आकडे असतात. एचपीच्या आधी ते वाचा.